हातात खाऊ असेल तरच ऐकणारा कुत्रा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुत्रा नऊ महिन्यांचा, वजन दहा किलोच्या आसपास. ‘बस’ म्हटलं की बसतो, पण हातात खाऊ दिसला तरच. घरात हाक मारली की धावत येतो, बाहेर मोकळा सोडला की वळूनही बघत नाही. आणि आलाच जवळ, तर गळ्यातल्या पट्ट्याला हात लागायच्या आत निसटतो. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, खाऊची लाच लावून त्याला बिघडवलाय, वेळीच दोन फटके दिले असते तर सरळ झाला असता. तर आता खाऊ बंद करावा का?

बंद करू नका. गडबड खाऊच्या वेळेत आहे.

लाच कामाआधी दाखवतात, मजुरी काम झाल्यावर देतात. तुमच्याकडे बहुधा असं घडतंय: हात खिशात जातो, पिशवी चुरचुरते, मूठ कुत्र्याच्या नाकासमोर येते आणि मग तोंडातून ‘बस’ निघतं. तोपर्यंत काय करायचं ते त्याला कळून चुकलेलं असतं. त्याच्या लेखी बसायची खूण म्हणजे खिशाकडे जाणारा तुमचा हात. शब्द हा मागे चालू असलेला रेडिओ. खात्री करायची तर एक सोपी परीक्षा घ्या. घरात, शांत वेळी, खाऊची पिशवी दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन्ही हात पाठीमागे बांधून ताठ उभे राहा, मान हलवू नका, आणि नेहमीच्या आवाजात एकदाच ‘बस’ म्हणा. तो तुमच्या तोंडाकडे, मग खांद्याकडे, मग हाताकडे बघत उभा राहिला तर त्याला हट्टी म्हणू नका. तो शब्द त्याला अजून आलेलाच नाही.

दुरुस्ती मार्करपासून सुरू करा. मार्कर म्हणजे ‘हे आत्ता केलंस ना, त्याचेच मिळणार’ असं सांगणारा एक ठरलेला, तुटक आवाज. क्लिकर (दाबला की ‘टिक’ असा आवाज करणारी छोटी डबी) घ्या, जिभेने ‘टॉक’ करा किंवा ‘येस’ म्हणा. ‘हां’, ‘छान’, ‘शाब्बास’ हे मात्र नको. हे शब्द दिवसभर घरात ऐकू येतात, फोनवर तर दर दुसऱ्या वाक्यात ‘हां’ असतं. ज्या आवाजामागून काहीच येत नाही तो आवाज कुत्रा पुसून टाकतो. सुरुवातीला पंधरा-वीस वेळा एवढंच करायचं: आवाज, आणि त्यानंतर सेकंदाच्या आत एक तुकडा. कुत्र्याने काहीही करायची गरज नाही. यात एक पथ्य आहे, आवाज होईपर्यंत हात अगदी स्थिर हवा. हात आधी हलला तर कुत्रा हातच वाचेल आणि आवाज वाया जाईल. तो दुसरीकडे बघत असताना आवाज काढला आणि त्याची मान झटकन तुमच्याकडे वळली, म्हणजे मार्कर तयार झाला.

या आवाजाचं एवढं काय, असं वाटेल. एक ‘बस’ सावकाश डोळ्यांसमोर आणा. कुत्र्याचं बूड जमिनीला टेकतं. तुम्ही ‘अरे वा, शहाणा माझा’ म्हणत खिशात हात घालता. तुकडा चिमटीत येईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात तो उठतो, दोन पावलं पुढे येतो, मान उंचावतो, आणि तुकडा त्याच्या तोंडात पडतो. त्याला मजुरी कशाची मिळाली? उठून पुढे येण्याची. असं शंभरदा झाल्यावर ‘हा बसतो, पण लगेच उठतो’ अशी तक्रार सुरू होते. मार्कर हे मधले सेकंद सांधतो. बूड टेकलं त्या क्षणी, अर्ध्या सेकंदाच्या आत आवाज. मग तुकडा यायला दोन सेकंद लागले तरी हिशेब कशाचा होता ते त्याला पक्कं ठाऊक असतं. तुकडाही तो बसलेला असतानाच, त्याच्या तोंडापाशी नेऊन द्यायचा. तुम्ही वाकून द्या, त्याला उठायला लावू नका.

स्वतःचा हात आधी कुत्र्याशिवाय तयार करा. कुणालातरी चेंडू हातातून खाली सोडायला सांगा आणि चेंडू जमिनीला लागेल नेमका तेव्हा आवाज काढा. पहिल्या वीसमध्ये निम्मे उशिरा पडतात. अठरा जमायला लागले की कुत्र्याकडे वळा. आणि आवाज चुकून निघाला तरी तुकडा द्यायचाच. एक तुकडा फुकट गेला तर बिघडत नाही, आवाजावरचा विश्वास गेला तर सगळंच पहिल्यापासून.

यात नवलाईचं काही नाही. ज्या वागण्याचं फळ चांगलं मिळतं ते वागणं पुन्हा होतं, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर दाखवलं. पुढे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने त्याचे नियम बसवले, आणि त्याच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने १९४० च्या दशकात, क्षण पकडून देणारा आवाज आणि खाऊ यांच्या जोरावर निरनिराळ्या प्राण्यांना शिकवायचा व्यवसायच उभा केला. आज ज्याला पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात ते हेच. ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ इथे गोड किंवा लाडाचा असा नाही, अधिकचा आहे: वागण्यापाठोपाठ हवंसं काही आलं आणि म्हणून ते वागणं वाढलं. वागणं वाढलं नसेल तर तुम्ही कितीही चिकन वाटलंत तरी ते रीइन्फोर्समेंट झालंच नाही.

आता ‘बस’ पुन्हा नव्याने. तुकडा चिमटीत धरून कुत्र्याच्या नाकाला टेकवा आणि हात सावकाश वर आणि किंचित मागे, कपाळावरून डोक्याच्या मागच्या बाजूला न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. हात फार उंच नेला तर तो उडी मारतो, फार मागे नेला तर उलटी पावलं टाकतो. दोन्हींत चूक हाताची. बूड टेकलं की आवाज, तुकडा. हे आमिष फक्त तीन-चार वेळा वापरायचं. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते, कारण तीन-चारचे तीन-चारशे होतात आणि मग तुकड्याविना हात म्हणजे खोटं नाणं होऊन बसतं.

पाचव्या वेळी हात तोच, चालही तीच, पण चिमूट रिकामी. तुकडे मागे टेबलावर, वाटीत. कुत्रा रिकाम्या चिमटीच्या मागे नाक नेतो, बसतो, आवाज होतो, आणि तुम्ही वळून वाटीतला तुकडा आणून देता. पहिल्यांदा तो चिमूट हुंगून तुमच्याकडे बघेल. चार-पाच वेळांत त्याला उमगतं की हातात काही नसलं तरी मिळतं. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर या चार-पाच वेळांमध्ये आहे. पुढे वाटी लांब नेत जा: दुसऱ्या टेबलावर, कपाटावर, फ्रिजमध्ये. त्याने केलं की आवाज काढा आणि दोघं मिळून वाटीकडे जा. घरात चार ठिकाणी झाकणाच्या डबीत थोडे तुकडे ठेवलेत की खाऊ अंगावर आहे की नाही याचा अंदाज घेण्यात त्याला काही अर्थ उरत नाही.

शब्द सगळ्यात शेवटी. हाताच्या खुणेवर दहापैकी नऊदा बसायला लागला की असं करा: ‘बस’, मग पूर्ण एक सेकंद काहीच नाही, आणि त्यानंतर हाताची खूण. शब्द आणि खूण एकत्र गेले तर कुत्रा खूण उचलतो आणि शब्द सोडतो. हालचाल वाचण्यात तो आपल्याहून कितीतरी पटाईत आहे. मधला एक सेकंद टिकवलात तर पंचवीस-तीस वेळांनंतर तो खुणेची वाट न बघता शब्दावरच बसू लागतो. तसं दिसलं की खूण हळूहळू लहान करून सोडून द्या.

मराठी घरात आणखी एक अडचण असते. ‘बस’ आपण पाहुण्यांना म्हणतो, मुलांना म्हणतो, वाढणाऱ्याला ‘बस, बस’ म्हणून थांबवतो, आणि कुत्रा भुंकू लागला की त्यालाही ‘बस झालं आता!’ म्हणून ओरडतो. ‘ये’ची गत तर त्याहून वाईट: कुणी ‘इकडे ये’ म्हणतं, कुणी ‘ये रे’, कुणी ‘येतोस का नाही’. एका कामाला एकच शब्द ठरवा, कागदावर लिहून दाराला लावा, आणि घरच्या प्रत्येकाने तोच वापरायचा. रोजच्या बोलण्यात न येणारा शब्द घेतलात तर उत्तम. शब्द एकदाच म्हणायचा. ‘बस, बस, बस, अरे बस ना’ असं ऐकलेला कुत्रा चौथ्या ‘बस’ला बसायला शिकतो, कारण त्याच्या दृष्टीने शब्दच चार तुकड्यांचा आहे.

खाऊचं माप. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांत ठेवायचा. दहा किलोच्या, मध्यम हालचालीच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊला ६०. उकडलेल्या, कातडी काढलेल्या चिकनच्या छातीच्या मांसात शंभर ग्रॅमला १५० ते १६५ किलोकॅलरी असतात. म्हणजे तुमच्या वाट्याला आलं ३५ ते ४० ग्रॅम. एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे केलेत तर ते जेमतेम चाळीस भरतील. अर्धा सेंटिमीटरचे केलेत तर त्याच मांसातून अडीचशेच्या वर तुकडे निघतात, आणि कुत्रा मोजतो ते तुकडे, वजन नाही. मीठ, मसाला, कांदा, लसूण नको. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही विषारी आहे. शिजवलेली हाडं तुटून टोकदार होतात, तीही नकोत. घरात सोप्या गोष्टींसाठी रोजच्या कोरड्या खाण्यातलेच दाणे बाजूला काढा, म्हणजे वेगळा हिशेबही ठेवावा लागत नाही. चिकन आणि चीज बाहेरच्या अवघड कामासाठी राखून ठेवा. घरातल्या ‘बस’ला चिकन दिलंत तर बाहेरच्या ‘ये’ला द्यायला जास्त मोलाचं काही उरत नाही.

एक बैठक दोन ते तीन मिनिटांची, दिवसातून तीन-चारदा. दहा-दहाचे डाव मोजा. दहात आठ किंवा जास्त बरोबर आले तर किंचित अवघड करा; पाच किंवा कमी आले तर लगेच एक पायरी खाली या; सहा-सात आले तर तिथेच आणखी एक डाव. मोजणं कंटाळवाणं वाटतं, पण ‘त्याला येतंय’ हा आपला अंदाज जवळपास नेहमीच फुगलेला असतो. अवघड करायच्या वाटा तीन: तो किती वेळ थांबतो, तुम्ही किती लांब आहात आणि आजूबाजूला किती गडबड आहे. एका वेळी एकच वाढवायची, आणि ती वाढवताना बाकीच्या दोन खाली आणायच्या. घरात तीस सेकंद बसणाऱ्या कुत्र्याकडून रस्त्यावर दोन सेकंदांची अपेक्षा धरा. जागा बदलली की त्याला ते जवळजवळ नव्याने शिकावं लागतं. घरात येणारी गोष्ट बाहेर न येणं हा उर्मटपणा नसतो.

मग तुमचं खरं दुखणं: बाहेर हाक मारली की न येणं.

आधी त्याच्या बाजूने हिशेब मांडू. बाहेर ‘ये’ ऐकून तो आजवर जितक्या वेळा आला, तितक्या वेळा काय झालं? पट्टा अडकला, खेळ संपला, घरी गेलो. कधी अंघोळ, कधी नखं. एकदा उशिरा आला म्हणून ओरडाही बसला असेल. म्हणजे येण्याचंच प्रायश्चित्त. आणि पट्ट्याकडे येणारा हात म्हणजे मजा संपल्याची पक्की खूण. असा कुत्रा हाताच्या अंतराबाहेर घुटमळतो, तो अनुभवाने शहाणा झालाय म्हणून. बिघडलेला शब्द दुरुस्त करण्यापेक्षा टाकून देणं स्वस्त पडतं, म्हणून नवी हाक घ्या. शिट्टी माझ्या मते सर्वांत बरी: तिच्यात राग, घाई, वैताग उमटत नाही आणि घरातलं कुणीही वाजवो, आवाज तोच राहतो. दोनदा तोकडी फुंक, असं काहीतरी ठरवून टाका.

पहिले तीन-चार दिवस घरातच: शिट्टी, आणि लगेच चिकन, तो समोर असतानाच, दिवसाला पंधरा-वीस वेळा. मग तीन-चार मीटरवरून, मग दुसऱ्या खोलीतून. येईल तेव्हा एक तुकडा देऊन मोकळे होऊ नका. पाच-सहा तुकडे एकामागून एक, दहा-पंधरा सेकंद चालतील असे, पायांपाशी द्या. येणं ही मोठी कामगिरी आहे आणि तुमच्याजवळ थांबणं हाही तिचाच भाग आहे.

त्याच सुमारास पट्ट्याचा हात वेगळा शिकवा. हात मानेपर्यंत न्या, आवाज, तुकडा. पट्ट्याला बोट लावा, आवाज, तुकडा. पट्टा मुठीत धरा, आवाज, तुकडा. सोडा. प्रत्येक पायरी वीस-पंचवीसदा. क्रम उलटा नको: तुकडा दाखवून तोंड गुंतवलं आणि तेवढ्यात पट्टा पकडला, तर तो उद्या तुकड्यालाच संशयाने बघेल. हात आधी, तुकडा नंतर. हे जमलं की शिट्टीवर आल्यावर दर वेळी पट्टा धरायचा, तुकडे द्यायचे आणि ‘जा’ म्हणून सोडून द्यायचं. दहापैकी नऊ वेळा सोडायचंच. परत हुंगायला जायला मिळणं हे चिकनपेक्षाही मोठं बक्षीस असतं; जे करायला प्राणी मनापासून धावतो ते कमी आवडीच्या कामाची मजुरी होऊ शकतं, हा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅकने १९५९ मध्ये मांडलेला नियम इथे रोखीत वापरता येतो. अंघोळ-नखांसाठी शिट्टी कधीच नाही. तेव्हा स्वतः चालत जाऊन त्याला घेऊन या.

बाहेरचं काम लांब दोरीवर. आठ ते दहा मीटरची दोरी, अंगातल्या हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या कडीला. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही, कारण पूर्ण वेगात धावलेला कुत्रा दोरीच्या टोकाला पोचला की सगळा हिसका मानेला बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका. भसकन सुटली की तळहात सोलून निघतो, म्हणून हातमोजे घाला. दोरी त्याला ओढून आणायला नसते. तिचं काम एवढंच की न येण्यातून त्याला काही कमाई होऊ नये. आधी मोकळ्या, शांत जागी, तो हुंगून सहज मान वर करेल तेव्हा शिट्टी. नाक जमिनीत रुतलेलं असताना नाही. शिट्टीच्या आधी स्वतःशीच पैज लावा: पन्नास रुपये लावून सांगता येईल का, की हा आता येईल? सांगता येत नसेल तर वाजवू नका, जवळ जा. न मानलेली प्रत्येक शिट्टी तिची किंमत कमी करते. वाजवलीत आणि तो आला नाही, तर दुसऱ्यांदा न वाजवता दोरीवर हात ठेवत त्याच्याकडे चालत जा, नाकासमोर तुकडा धरून वळवा, दोन पावलं आला की एखादा द्या, आणि पुढचा डाव सोपा ठेवा. मग दूर, तीस-चाळीस मीटरवर दुसरा कुत्रा असताना. मग ते अंतर पाच-पाच मीटरने कमी. दहापैकी नऊ, तेही तीन-चार वेगवेगळ्या जागी, लागोपाठ दोन आठवडे जमल्याशिवाय दोरी काढू नका. तीही आधी नुसती जमिनीवर घसटत राहू द्या. रहदारीजवळ मात्र कितीही शिकलेला असो, मोकळा सोडू नये.

नऊ महिने हे वय आडमुठंच असतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आठ महिन्यांची पिल्लं, पाच महिन्यांची असतानाच्या तुलनेत, सांभाळणाऱ्या माणसाच्या ‘बस’ला कमी दाद देताना दिसली, अनोळखी माणसाचं मात्र ती ऐकत होती. वाढत्या वयाचा तो भाग आहे आणि ओसरतो. फक्त त्या काळात दोरी काढून ‘बघू तरी येतो का’ असे प्रयोग नकोत, कारण ससेमिरा चुकवून पळण्यात किती मजा आहे हे याच वयात पक्कं बसतं.

मजुरी कमी करायची केव्हा? एखाद्या जागी एखादी गोष्ट दोन-तीन आठवडे बिनचूक होऊ लागली की तिथे कधी द्या, कधी नुसतं कौतुक करा, कधी चेंडू फेका, कधी दार उघडा. ‘दर तिसऱ्याला’ असा ठरीव हिशेब नको, तो त्यांना लवकर कळतो. सर्वांत जलद किंवा सुंदर जमलेल्याला मात्र नक्की द्या. एकदम बंद करणं हा नेहमीचा घात आहे: सोमवारी वीस, मंगळवारी शून्य, आणि शुक्रवारी ‘विसरला’. हाकेच्या बाबतीत मी ही कपातही करणार नाही. ज्या हाकेवर एके दिवशी त्याचा जीव अवलंबून असू शकतो, तिची मजुरी आयुष्यभर चालू ठेवावी.

फिरायला नेताना हातातला पट्टा ओढण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी दोन ओळी, कारण मूळ तेच आहे. ओढलं की पुढे जायला मिळतं, म्हणजे ओढण्याची मजुरी आपणच प्रत्येक पावलाला देत असतो. पट्टा ताणला की झाडासारखे थांबा. सैल झाला की आवाज, आणि तुकडा तुमच्या पँटच्या शिवणीपाशी द्या, समोर हात लांब करून नाही. बक्षीस जिथे मिळतं तिथे कुत्रा राहतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत पन्नास मीटरही होणार नाहीत, म्हणून घाईच्या फेरीला हा सराव लावू नका.

अंगावर उड्या मारण्याचंही तसंच: ‘खाली!’ म्हणून ढकलणारे हात त्याला खेळच वाटतात. पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की लगेच मोल द्या. मात्र हे सुरू केल्यावर उड्या आधी वाढतात. नाणं टाकूनही यंत्रातून काही पडलं नाही की माणूस जसं यंत्राला धक्के मारतो, तसं. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळून कुणी एकाने लाड केले तर तो शिकतो की जास्त जोराने मारलेली उडी चालते. तेव्हा घरातल्या सगळ्यांना जमणार नसेल तर सुरूच करू नका. पाहुणे येताना पट्टा लावणं त्यापेक्षा बरं.

आता दोन फटक्यांबद्दल. फटक्याने वागणं थांबतं, हे खरं आहे, आणि म्हणूनच त्याची भुरळ पडते. पण तो नेमका कशाबद्दल बसला हे कुत्रा ठरवतो, आपण नाही. घरात शी केली म्हणून मारलेलं पिल्लू शी बंद करत नाही, ते पलंगामागे जाऊन करतं आणि बाहेर फिरायला नेल्यावर तुमच्यासमोर करायला कचरतं. गुरगुरल्याबद्दल मारलेला कुत्रा गुरगुरणं बंद करतो आणि इशारा न देता चावू लागतो; धोका कमी झाला असं वाटतं तेव्हाच तो वाढलेला असतो. २०२० मध्येच पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांची पाहणी केली. दरडावून-हिसकावून शिकवणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त होती आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलं होतं. ‘मालक कोण ते दाखवावं लागतं’ हे मत पाळीव कुत्र्यांच्या अभ्यासातून आलेलं नाही. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकाने बंदिस्त, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून लिहिलं, तिथून ते पसरलं. रानातला कळप बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असा असतो, हे लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेकने १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं. तोवर मालकी दाखवायला घरोघर कुत्री उताणी पाडली जात होती.

मर्यादाही सांगायला हव्यात. बाहेर आवडीचं चिकनही हुंगून सोडून देत असेल, तर खाऊ चुकीचा आहे असं लगेच समजू नका. ओठ चाटणं, दमलेला नसताना जांभया, डोळ्यांचं पांढरं दिसणं, शेपूट पोटाखाली, अंग कडक: यातलं काही दिसत असेल तर तो घाबरलाय आणि घाबरलेल्याला शिकवता येत नाही. मागे फिरा. तो पुन्हा खाईल तेवढं अंतर वाढवा आणि तिथूनच, ती भीतीची गोष्ट दिसली की चिकन, ती गेली की चिकन बंद, एवढंच करा. यात त्याने बसायची वगैरे गरज नाही. खाऊ दिल्याने भीती वाढेल अशी शंका येते, पण भीती ही हौसेने केलेली गोष्ट नसते. खाऊने तिला बळ मिळत नाही. चावण्यापर्यंत गेलेलं प्रकरण मात्र लेख वाचून सोडवू नये, प्राण्यांच्या वर्तनाचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवावं.

आणि ‘बस’ची परीक्षा घेताना आणखी एक बघा. पूर्वी झटकन बसणारा कुत्रा हल्ली सावकाश बसत असेल, एका कुल्ल्यावर तिरका टेकत असेल, एक मागचा पाय बाहेर काढून ठेवत असेल किंवा गुळगुळीत फरशीवर बसायला नकार देत पायपुसण्यावर मात्र बसत असेल, तर शिकवणं थांबवा. कंबर किंवा गुडघा दुखणारा कुत्रा असाच बसतो, आणि नऊ महिन्यांचा असला तरी ते दुखणं असू शकतं. त्याच्या बसण्याचा बाजूने आणि मागून फोनवर व्हिडिओ काढा आणि पशुवैद्याला दाखवा. दवाखान्यात घाबरून तो बहुतेक बसणारच नाही, त्यामुळे तो व्हिडिओच उपयोगी पडेल.